डिस्नेहून परतल्यापासून मुलगा रुळांचीच चित्रं काढतोय. हे वेड उतरतं का?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं कुटुंब न्यू जर्सीला नणंदेकडे गेलं आणि तिथून सगळे मिळून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड पाहायला. सहल झाली, फोटो दाखवून झाले, घरातले आपापल्या कामाला लागले. अकरा वर्षांचा मुलगा मात्र अजून तिथेच अडकलाय. वह्यांच्या मागच्या पानांवर रूळ, जेवताना समोर राइडचे व्हिडिओ, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "एव्हरेस्टच्या राइडवर गाडी उलट मागे गेली, तेव्हा मागचा रूळ कुठे गेला?" आजोबांच्या मते हे खूळ आहे, आपोआप उतरेल. ताईंना तीन गोष्टी विचारायच्यात: उतरतं का, उतरवावं का, आणि नाहीच उतरलं तर पुढे काय.

मी सांगलीचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पार्कांमधल्या राइड तपासण्याचं काम बरीच वर्षं करतोय. त्यामुळे ही लागण झालेली माणसं रोज भेटतात. मीही त्यातलाच, हे आधीच सांगून टाकतो.

ताई, सहलीहून आल्यावर मुलं दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. "परत कधी जायचं?" हा पहिला. हा विचारणाऱ्याचं वेड शाळा सुरू झाली की उतरतं, फार तर पुढच्या मे महिन्यात एकदा उचल खातं. "ते कसं केलंय?" हा दुसरा. हा विचारणाऱ्याचं सहसा उतरत नाही, कारण एका उत्तरातून पुढचे तीन प्रश्न निघतात. तुमच्या मुलाने दुसरा प्रश्न विचारलाय.

तर आधी त्याचं उत्तर. डिस्ने वर्ल्डच्या अ‍ॅनिमल किंगडम या पार्कातली एव्हरेस्टची राइड 2006 साली सुरू झाली. गाडी डोंगर चढते आणि वर पोहोचल्यावर समोर तोडून फेकलेला, वाकलेला रूळ दिसतो. यतीने, म्हणजे हिमालयातल्या दंतकथेतल्या हिममानवाने, तोडलाय अशी कथा. गाडी तिथे थांबते, आणि सगळे वाकून त्या तुटक्या रुळाकडे बघत असतात. नेमकं तेव्हाच, पाठीमागे, ज्यावरून गाडी नुकतीच आली तो रुळाचा तुकडा तव्यावरची पोळी उलटावी तसा पलटतो. त्या तुकड्याच्या दोन्ही अंगांना रूळ आहेत. एक अंग चढावाला जुळतं, दुसरं डोंगराच्या पोटात उतरणाऱ्या वेगळ्या मार्गाला. गाडी मागे सरकायला लागते तेव्हा ती आल्या वाटेने परत जातच नसते. पुढे अंधारात पुन्हा असाच बदल होतो आणि गाडी सरळ तोंडाने बाहेर पडते. एवढं अवजड लोखंड हलतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांची मान पुढे वळवून ठेवलेली असते. जादूगाराचीच युक्ती, फक्त टनांच्या मापात.

त्या राइडमधला यतीही त्याला सांगा. जवळजवळ 25 फुटांचा तो हलता पुतळा गाडीवर झडप घालण्यासाठी बनवला होता. राइड सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याची हालचाल बंद पडली. तेव्हापासून त्याच्यावर लुकलुकणारा दिवा मारून हलल्याचा भास निर्माण करतात, म्हणून चाहत्यांनी त्याचं नाव 'डिस्को यती' ठेवलंय. एक पुतळा हलत नाही म्हणून हजारो प्रौढ माणसं वर्षानुवर्षं हळहळतात, दुरुस्तीचे तर्क लढवतात, पायाच्या काँक्रीटवर वाद घालतात. आजोबांना खूळ कशाला म्हणतात ते दाखवायचं असेल तर हे उदाहरण उत्तम आहे.

माझं कसं सुरू झालं ते थोडक्यात. पार्कात प्रत्येक कुटुंबात एक माणूस बॅगा सांभाळायला असतो. आमच्याकडे तो मी. बायको आणि मुली रांगेत, मी बाहेरच्या कठड्यापाशी तिघींच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक मोठं ससाछाप खेळणं घेऊन उभा. करायला काही नव्हतं म्हणून वर बघत बसलो. एक गाडी सुटली, दुसरी चढावाला लागली, आणि चढाच्या टोकाशी जाऊन थांबली. आत बसलेले घाबरून ओरडायला लागले, काहीतरी बिघडलं म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं. पहिली गाडी शेवटच्या ब्रेकमधून बाहेर पडेपर्यंत दुसरीला पुढे सोडायचं नाही, एवढाच नियम होता. रूळ तुकड्यांमध्ये विभागलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा नसेल तर मागचा ब्रेक आपोआप आवळलेला राहतो. मध्य रेल्वेचे सिग्नल याच तत्त्वावर चालतात. मुली उतरून आल्या आणि "बाबा, पुढे कुठे?" म्हणाल्या, तर मी म्हटलं, अजून एक गाडी जाऊ दे. त्या दिवशी दुपारचं जेवण राहिलं.

अशा कठड्यापाशी किंवा बाकावर बसलेल्या बापांच्या यादीत एक मोठं नाव आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन मेरी-गो-राउंडवर जायचे. मुली गोल फिरताहेत आणि आपण शेंगदाणे खात बाकावर, तेव्हा वाटलं की मुलं आणि आईबाप दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी, असं ते स्वतः सांगत. पुढे कोपनहेगनचं 1843 पासून चाललेलं टिव्होली गार्डन्स हे करमणुकीचं पार्क पाहून आले. 1954 मध्ये अ‍ॅनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांच्या जागेवर काम सुरू झालं आणि 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे या साऱ्या धंद्याच्या मुळाशीच एक कंटाळलेला बाप आहे.

आता मुद्द्याचं. नाद लागतो तो वेगाने किंवा उंचीने लागत नाही. पोटात गोळा येतो, उतरल्यावर हसू येतं, संपलं. राइड तीन मिनिटांची असते. नाद लागतो तो लपवलेल्या गोष्टींमुळे. डिस्नेने हे लपवणं शास्त्र म्हणून विकसित केलं, आणि ज्याला एकदा लपवलेलं दिसायला लागतं त्याला ते दिसायचं थांबत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा हॉन्टेड मॅन्शन, म्हणजे भुतांचा वाडा घ्या, 1969 चा. सुरुवातीला तुम्हाला एका आठकोनी खोलीत बंद करतात आणि भिंतींवरची चित्रं लांब होत जातात. खोली वाढतेय की आपण खाली चाललोय? तिथे आपण खरंच खाली जात असतो, ती एक लिफ्ट आहे. का? कारण मुख्य राइडची प्रचंड शेड पार्कच्या हद्दीवरच्या मातीच्या बांधाबाहेर आहे, मध्ये आगगाडीचा रूळ आडवा येतो आणि माणसांना त्याखालून न्यायचंय. अडचण होती जाण्यायेण्याची, तिचाच खेळ करून टाकला. फ्लोरिडात तशी अडचण नव्हती, म्हणून तिथल्या खोलीचं छत वर जातं, जमीन जागची हलत नाही. दोन्ही ठिकाणी माणसाला अनुभव तोच. तुमचा मुलगा फ्लोरिडाच्या खोलीत उभा राहिला असेल. त्याला विचारा, खाली गेलास की नाही? बघा काय म्हणतो.

तिथल्याच मॅजिक किंगडममध्ये तुम्ही जमिनीवर चालतच नव्हता. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे बोगदे जमिनीखाली करता येईनात. मग बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, समोरचं तळं खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि पार्क त्यावर, म्हणजे खरं तर दुसऱ्या मजल्यावर उभारलं. कारण एवढंच की कॅलिफोर्नियात काउबॉयच्या वेशातला कर्मचारी भविष्यातल्या नगरीतून चालत आपल्या जागी जाताना वॉल्ट यांना खटकला होता. 1971 ला पार्क उघडलं तेव्हा ते हयात नव्हते, पण काउबॉय दिसेनासा झाला. सिंड्रेलाचा किल्ला 189 फूट आहे आणि एव्हरेस्टही 200 च्या किंचित आत. 200 ओलांडलं की विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि हिमशिखरावर लाल दिवा कसा दिसेल! किल्ल्याच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या मुद्दाम लहान केल्यात, म्हणून तो आहे त्यापेक्षा उंच वाटतो.

या वेडाच्या जाती अनेक आहेत. माझ्यासारखे यंत्राच्या मागे लागलेले एक. डिस्नेवाले वेगळेच: त्यांना कथा, सजावट, संगीत, दुकानाच्या पाटीवरचं अक्षर हवं असतं. एव्हरेस्टच्या बाहेर डिस्नेने 'आनंदपूर' नावाचं काल्पनिक गाव वसवलंय, तिथे भिंतीवर खरवडलेल्या जाहिराती आणि लोंबकळणाऱ्या वायरी इतक्या मन लावून केल्यात की ठाण्याच्या माणसाला हसावं की कौतुक करावं कळत नाही. तिसरे मोजणारे. आयुष्यात किती वेगवेगळ्या रोलर कोस्टरवर बसलो याची नोंद ठेवतात, प्रत्येकाला 'क्रेडिट' म्हणतात, आणि एका क्रेडिटसाठी लहान मुलांच्या सुरवंटावर गुडघे दुमडून बसलेले पन्नाशीचे गृहस्थ मी पाहिलेत. अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स ही त्यांची संघटना 1978 पासून आहे. मोजणाऱ्यांत मला फारसा रस नाही, पण माणसं निरुपद्रवी.

आणि एक जात इतिहासवाल्यांची, माझी सगळ्यात लाडकी. पेन्सिल्व्हेनियात माउच चंक नावाच्या गावी 1827 साली खाणीतला कोळसा उतारावरून आणायला रूळ टाकले. पुढे कोळशाची वाहतूक दुसरीकडून व्हायला लागली तेव्हा त्याच रुळांवर लोक पैसे देऊन मजेसाठी बसायला लागले. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटात फेरी सुरू केली, सायकलच्याही वेगापेक्षा हळू. लोकांनी गर्दी केली. पुढे जॉन मिलर यांनी रुळाच्या खालून पकडणारी चाकं आणली आणि गाडी रुळावरून उडू शकेना. आजही प्रत्येक डब्याला वरून, बाजूने आणि खालून अशी तीन प्रकारची चाकं असतात. गाडी स्टेशनात आली की वाकून बघायचं. खालचं चाक दिसलं की भीती निम्मी होते, निदान माझ्या धाकटीची झाली.

लूपची, म्हणजे गाडी डोकं खाली करून जिथे पूर्ण फेरा मारते त्या वळणाचीही गंमत अशीच. 1895 च्या सुमाराला कोनी आयलंडवर जो लूप केला तो चक्क वर्तुळ होता. तळाशी वेग सर्वात जास्त आणि वळणही तितकंच तीव्र, त्यामुळे माना लचकायच्या. लूप पुन्हा रुजला तो 1976 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरवर. त्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, खाली पसरट, वर निमुळता. तळाला वेग जास्त तेव्हा वळण मोठं, माथ्यावर वेग कमी तेव्हा वळण लहान. दहावीच्या पुस्तकातली वर्तुळाकार गती कशाला शिकायची हे मुलाने विचारलं तर कंपास घेऊन दोन्ही आकार काढून दाखवा.

नॉबेल्स हे पेन्सिल्व्हेनियातलं एक घरगुती वळणाचं पार्क, आत जायला तिकीट नाही, राइडपुरते पैसे. तिथला फिनिक्स हा लाकडी कोस्टर मूळचा तिथला नाही. तो 1940 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत उभा राहिला. ते पार्क 1980 मध्ये बंद पडलं, कोस्टर तसाच उन्हात वाळत राहिला. नॉबेल्सवाल्यांनी तो विकत घेतला, फळीन् फळी सोडवली, प्रत्येकीला नंबर घातला, ट्रकांवर लादून आणला आणि 1985 मध्ये पुन्हा उभा केला. उंची 80 फुटांच्या आतच. तरी शेवटच्या टेकड्यांवर आसन सोडून माणूस जो अधांतरी राहतो, त्याची सर मोठमोठ्या लोखंडी राक्षसांना नाही. लाकडी कोस्टर रोज सकाळी सुतार पायी चालून तपासतात, हातोडी ठोकून आवाज ऐकतात, सैल बोल्ट आवळतात. ऊन वाढलं की वंगण पातळ होतं आणि संध्याकाळची गाडी सकाळपेक्षा वेगाने धावते. जाणकार दिवेलागणीला मागच्या डब्याच्या रांगेत उभे असतात, ते उगीच नव्हे.

सगळ्यांच्या नशिबी अशी पुनर्बांधणी नसते. न्यू जर्सीच्या जॅक्सनमधला किंग्डा का 2005 पासून जगातला सर्वात उंच कोस्टर होता, 456 फूट, साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर. तिथल्या एडिसन गावाच्या आसपासची मराठी कुटुंबं उन्हाळ्यात हमखास तिथे. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून दुपारी पार्किंगमध्ये डिकी उघडून पुरी-भाजी. 28 फेब्रुवारी 2025 ला सुरुंग लावून तो पाडला. आमच्या ओळखीतला एक मुलगा, आता कॉलेजात आहे, दोन दिवस धड बोलत नव्हता. यंत्र म्हणून विचाराल तर तो कटकटीचा होता, सतत बंद. पण ते त्याला सांगायची हिंमत मी केली नाही.

उतरवावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी तरी उतरवणार नाही. मात्र बघण्याचा नाद आणि विकत घेण्याचा नाद यांत फरक करा. पार्क चालवणाऱ्या कंपन्या या दुसऱ्या नादावर जगतात: जमवायचे बिल्ले, मर्यादित आवृत्तीचे मग, रांग टाळण्याचे वेगळे पैसे, वार्षिक पास. फ्लोरिडात पासासाठी घर बदललेली माणसं आहेत. मुलाच्या हट्टापायी दरवर्षी ऑरलँडोचं तिकीट काढायची काहीच गरज नाही. सहलीचं कर्ज फेडताना हैराण झालेले आईबाप मी पाहिलेत, आणि त्यांच्या मुलांना यंत्राबद्दल एक प्रश्न पडलेला नव्हता.

पुढे काय, याचं उत्तर उघड आहे तेवढंच लांबही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कंट्रोल सिस्टिम, ध्वनी, प्रकाश, शिल्पकला, सगळ्यांना इथे काम आहे. राइड बनवणाऱ्या कंपन्या मात्र जगात मोजक्याच: स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबिलार्ड, नेदरलँड्सची वेकोमा, जर्मनीची माक. माक मंडळी 1780 पासून घोडागाड्या आणि सर्कशीच्या गाड्या बनवत होती, आणि आपल्या राइड गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून त्यांनी 1975 मध्ये यूरोपा-पार्क काढलं. जागा कमी, उमेदवार फार. म्हणून मुलाला "तू रोलर कोस्टरच बनवणार" असं डोक्यात भरवू नका. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं होऊ द्या. त्या बळावर तो पूल बांधेल, लिफ्ट बनवेल किंवा माझ्यासारखा तपासनीस होईल. आमचं काम रुक्ष असतं: वेल्डिंगमधल्या केसाएवढ्या भेगा शोधणं, चाकांची झीज मापणं, कागदं भरणं. मला आवडतं.

आत्ता घरबसल्या आणि महाराष्ट्रात करण्यासारखं बरंच आहे. रोलर कोस्टर डेटाबेस ही वेबसाइट 1990 च्या दशकापासून जगातल्या कोस्टरांची नोंद ठेवतेय, ती त्याला वाचू द्या, इंग्रजीही सुधारेल. व्हिडिओ बघायचे तर पहिल्या सीटवरचे कमी आणि देखभालीचे जास्त. जवळपास जत्रा किंवा उरूस भरला की आजोबांबरोबर पाठवा, बसायला नव्हे, बघायला. आकाशपाळणेवाला माणसं रांगेने भरत नाही. एक पाळणा भरला की चाक फिरवून समोरचा भरतो, मग आडवे दोन. का, हे मुलाला शोधू द्या. चाक एका अंगाला जड झालं तर मोटरवर काय ताण येतो, हे आजोबाच समजावतील, त्यांना बहुतेक आधीच माहीत असेल.

आणि खोपोलीचं इमॅजिका आहेच, 2013 पासून. तिथला नायट्रो हा पायाखाली फरशी नसलेला कोस्टर त्याच स्विस कंपनीचा. शनिवार-रविवार आणि मे महिना टाळा, मधल्या वारी जा, उंचीची अट आधी बघून घ्या. चढावर जो खटखट आवाज येतो तो साखळीचा नसतो, हे त्याला निघायच्या आधी सांगा. डब्याखाली एक लोखंडी जीभ असते, ती रुळालगतच्या दातेरी पट्टीवर एकेक दात ओलांडत जाते, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरणार नाही. कुठला आवाज कुठून येतो, हे त्याने पहिल्या फेरीला डोळे मिटून ऐकावं, आणि तोवर तुम्ही कठड्यापाशी पिशव्या घेऊन उभ्या असाल तर दुसरी गाडी कुठे थांबते तेवढं बघून ठेवा.